पाण्यावरची पहिली फळी

आपला गोंदिया जिल्हा हा तलावांचा जिल्हा आहे, हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आपला जिल्हा वेगळा झाला. नकाशा बदलला, कचेऱ्या बदलल्या, पण हे वाक्य काही बदलले नाही. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा ही नावे सहलीच्या निमित्ताने सर्वांच्या ओळखीची आहेत. त्याखेरीज गावोगावचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, निराळेच. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून पाळी घातल्या आणि पाणी अडवले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले, तरी त्यांच्या नावातला 'मामा' अजून आहे. धानाची रोवणी, शिंगाडा, मासळी, जनावरांची तहान, कान्होबाचे विसर्जन, गावाचे धुणे, सारे काही या मामाच्याच अंगणात चालते.

इतके पाणी भोवती असताना आपल्यापैकी किती जणांना पोहता येते? हा प्रश्न मी एका रिकाम्या तासाला आमच्या वर्गात सहज विचारून पाहिला. वर हात करणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यांत मुली दोनच होत्या, आणि त्या दोघींपैकी एक मी स्वतः. तलावांच्या जिल्ह्यातील पदवीचे विद्यार्थी आणि त्यांना पाण्यात पाय टाकण्याची भीती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका वेगळ्याच कारणाने. आमच्या काही मित्रांनी मोबाईलवर परदेशातील एक जलक्रीडा पाहिली आणि ते अगदी भारावून गेले. वेकस्केट असे तिचे नाव. मोटारबोटीच्या मागे दोर बांधायचा, दोराची मूठ हातात धरायची आणि एका लहानशा फळीवर उभे राहून बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवरून सरकत जायचे. बोटीमागच्या या लाटेलाच 'वेक' म्हणतात. बोट नसेल तर काठावरच्या यंत्राने दोर ओढूनही हा खेळ खेळता येतो. या खेळाचा थोरला भाऊ वेकबोर्ड. त्यात पाय फळीला पट्ट्यांनी बांधलेले असतात. वेकस्केटमध्ये मात्र पाय मोकळे असतात. तोल गेला की माणूस एकीकडे आणि फळी दुसरीकडे! "आपल्या जिल्ह्यात एवढे तलाव, मग हा खेळ इथे का नको? जिमखान्याने एक फळी घ्यावी," असा आमच्या मित्रांचा आग्रह. एक मित्र तर कोणती फळी घ्यावी याच्या चौकशीलाही लागला होता.

मी त्यांची थट्टा केली नाही आणि आजही करीत नाही. नव्याची हौस असणे हे तारुण्याचे लक्षण आहे. उलट, मीही त्यांच्याबरोबर बसून या फळीविषयी जे मिळाले ते वाचले, आणि ते वाचन मला फार बोधप्रद वाटले. म्हणून त्यातला सारांश येथे देते.

नवशिक्याने पहिली फळी घेताना पहिल्यांदा स्वतःचे वजन पाहावे, असे जाणकार सांगतात. या फळ्या साधारणतः ४० ते ४५ इंच लांबीच्या असतात. माणूस जितका वजनदार, तितकी फळी मोठी. नवशिक्याने आपल्या वजनाला चालणाऱ्या फळ्यांतील थोडी मोठी आणि रुंद निवडावी, कारण ती पाण्यावर लवकर स्थिर होते. लाकडाचे थर चिकटवून केलेली फळी स्वस्त पडते, पण ती जड असते, आणि कडेला टवका उडाला की पाणी आत शिरून ती खराब होते. कृत्रिम धाग्यांची फळी हलकी आणि टिकाऊ, पण महाग. फळीच्या पाठीवर खरखरीत कागद लावलेला असेल तर बुटांची पकड चांगली बसते, मात्र उघड्या अंगाला तो सोलवटून काढतो. मऊ फोम असेल तर शिकणाऱ्याला सोसवते. फळीखाली लहान पंख असतात, ते तिला सरळ ठेवतात. तरबेज खेळाडू ते पंख लहान करतात किंवा काढूनही टाकतात. नवशिक्याने मात्र ते राहू द्यावेत. बोटीचा वेगही ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या पुढे नेऊ नये. आणि या सर्वांच्या आधी, अंगात जीवरक्षक जाकीट हवेच.

या सगळ्याचे तात्पर्य माझ्या दृष्टीने एकच आहे. पहिली फळी ही शिकणाऱ्याच्या मापाची असावी, तरबेजाच्या मापाची नव्हे. चित्रात जी सुंदर दिसते, जिच्यावरून उड्या मारल्या जातात, ती फळी पहिल्या दिवशी उपयोगाची नसते. आणि पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, चांगले पहिले साधन ते, ज्याची गरज दिवसेंदिवस कमी होत जाते.

हे तत्त्व मान्य केले की मग पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. वेकस्केटच्या फळीवरून माणूस शंभर वेळा पाण्यात पडतो. त्या खेळात पडणे हा अपघात नाही, पडणे हा शिकण्याचाच भाग आहे. मग ज्याला पोहता येत नाही त्याची पहिली फळी कोणती? माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींची पहिली फळी ही वेकस्केटची नाही. ती पोहायला शिकताना अंगाला बांधायच्या साधनाची आहे. तिची निवड आपण डोळे मिटून करतो, आणि त्याची किंमत पुष्कळदा प्राणांनी मोजतो.

आपल्याकडे पोहायला शिकताना काय काय वापरतात ते पाहू. सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे ट्रकच्या चाकाची ट्यूब. ती पंक्चरच्या दुकानात जुनी मिळते आणि फुगवली की मोठा आधार वाटतो. दुसरे, तेलाचे किंवा औषधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन. तिसरे, टीव्ही किंवा फ्रीजच्या खोक्यातून निघालेला थर्मोकोल. चौथे, जत्रेत मिळणारे रंगीत फुगे, जे मुलांच्या दंडांत अडकवतात. पाचवे, अलीकडे नौकाविहाराच्या ठिकाणी दिसणारे नारिंगी जाकीट. आणि सहावे, जे आता बहुतेक घरांतून गेले आहे, ते म्हणजे वाळलेला भोपळा. आमच्या घरी त्याला तुंबा म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात विहिरीत पोहायला शिकवताना पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे पाठीला बांधत, तो याचाच भाऊ.

यांतले कोणते घ्यावे? याचे उत्तर आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही देता येण्यासारखे आहे, कारण दहावीपर्यंत आर्किमिडीज आपणही वाचला आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो. माणसाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे जड नसते. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेक माणसे कशीबशी तरंगतातही. अडचण असते ती डोक्याची. सुमारे साडेचार-पाच किलोचे डोके पाण्याबाहेर काढायचे म्हटले की बाकीचे शरीर तेवढे खाली जाते. म्हणजे शिकणाऱ्याला हवा असतो तो चार-पाच किलोंचा वरचा आधार. पाच लिटरचा एक वाळका तुंबा पाण्याखाली गेला तर साधारण एवढाच आधार देतो. आपल्या आज्या-पणज्यांनी आर्किमिडीजचे नाव ऐकले नव्हते, पण त्यांचा तुंबा नेमका मापाचा होता.

आता ट्रकची ट्यूब पाहा. ती पुरती बुडवली तर शंभर लिटरहून अधिक पाणी बाजूला सारेल. म्हणजे गरजेच्या वीसपट आधार! वरवर पाहता ही जमेची बाजू वाटते, पण धोका नेमका येथेच आहे. एवढा आधार असलेली वस्तू पाण्यात बसतच नाही, ती पाण्याच्या वर राहते. वारा आला की ती होडीसारखी वाहू लागते, आणि शिकणारा पाय टेकण्याच्या जागेपासून केव्हा दूर गेला हे त्यालाही कळत नाही. वजन एका बाजूला झाले की ती उलटते. ओल्या हातांतून, काखेतून ती सटकते, कारण धरण्यासारखे तिला काही नसते. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती माणसाला काहीच शिकवत नाही. ट्यूबमध्ये बसून कोणी चार उन्हाळे काढले तरी पाचव्या उन्हाळ्यात तो ट्यूबमध्येच बसलेला असतो.

मी सातवीत असताना आमच्या वर्गातील एक मुलगी अशाच ट्यूबवरून गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मामाच्या गावी गेली होती. चार-पाच मुलांनी मिळून एक ट्यूब तलावात टाकली होती. तिला पोहता येत नव्हते, आणि तिच्याबरोबरच्या कोणालाच येत नव्हते. ट्यूब आत सरकली, ती हात सुटून खाली गेली, आणि ट्यूब मात्र वाऱ्याने पलीकडच्या काठाला जाऊन लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या शेजारची बाकावरची जागा रिकामी होती. बाईंनी हजेरी घेताना तिचे नाव सवयीने वाचले आणि मग पुस्तक मिटून त्या बराच वेळ खिडकीजवळ उभ्या राहिल्या. त्या गावात लोक आजही म्हणतात, "पाण्याने नेली." मला मात्र नेहमी वाटते की तिला पाण्याने नेले हे अर्धेच खरे आहे. पाण्याशी तिची कोणी ओळखच करून दिली नव्हती, आणि ओळखीऐवजी तिच्या हाती एक ट्यूब दिली होती.

अशा मुली आणि मुले थोडी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात अशा मृत्यूंची सरकारी नोंद सुमारे ३८ हजारांची आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी मुक्रर केला आहे. आपल्या महाविद्यालयात अनेक दिन साजरे होतात, भाषणे होतात, हार घातले जातात. हा दिवस ऐन रोवणीच्या हंगामात आणि भरलेल्या तलावांच्या काठी येतो, पण तो आपल्याला ठाऊकच नाही.

आता इतर साधनांविषयी थोडक्यात. दंडांतील फुगे मुलाला पाण्यात उभे ठेवतात. पोहणे म्हणजे आडवे होणे, त्यामुळे फुगे नेमकी उलटी सवय लावतात. थर्मोकोल तुटतो, त्याचे मणी पाण्यात पसरतात आणि मासळीच्या पोटात जातात. कॅनचे झाकण सैल असेल तर तो हळूहळू पाणी पितो. औषधाचा कॅन तर लहान मुलाच्या अंगाला लावूच नये. राहता राहिले जाकीट. त्याच्याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. जाकीट हे शिकण्याचे साधन नाही, ते जगण्याचे साधन आहे. ते माणसाचे तोंड पाण्यावर ठेवण्यासाठी बनवलेले असते, म्हणून ते घालून पालथे होऊन हातपाय मारणे अवघड जाते. पण डोंग्यात बसताना, पुरात, विसर्जनाच्या वेळी जाकिटाला तोड नाही. त्याची निवडही मापाने व्हावी. आंतरराष्ट्रीय मानकांत जाकिटाचा आधार न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलो. ते पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तेथेच पुरते. पोहता न येणाऱ्याला निदान १०० न्यूटनचे जाकीट हवे. शिवाय पट्टा आवळून, खांद्याला धरून वर ओढून पाहावे. जाकीट कानांपर्यंत वर आले तर ते त्या माणसाचे नव्हे.

मी ढिवर समाजातील आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझे वडील तलावात जाळे टाकतात आणि सही करण्यापुरते लिहितात. प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'मासेमारी' लिहिताना माझ्यासारख्या कित्येकांचा हात क्षणभर थांबतो, हे मला ठाऊक आहे. पण ज्या विषयावर मी हा लेख लिहीत आहे त्या विषयाचे माझे प्राध्यापक तेच. धाकट्या भावाला पोहायला शिकवायचे ठरले तेव्हा मी वडिलांना विचारले की तुंबा केवढा घ्यावा. ते म्हणाले, "पोरगा बुडला नाही पाह्यजे, अन् नुसता तरंगलाबी नाही पाह्यजे. तेवढाच घे." या एका वाक्यात जे आहे ते सांगायला मला या लेखाची पाने लागत आहेत.

तुंबा मिळाला नाही म्हणून वडिलांनी एक युक्ती केली. पाण्याच्या एक लिटरच्या पाच रिकाम्या बाटल्या घेतल्या, झाकणे घट्ट लावली आणि जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून त्यांचा एक गठ्ठा केला. तो भावाच्या पाठीवर कमरेच्या थोडा वर रुंद पट्टीने बांधला. दोरी नव्हे, पट्टी, कारण दोरी ओली झाली की काचते आणि तिची गाठ सुटत नाही. गाठ पुढे, पोटावर, ओढताच सुटेल अशी. पाणी छातीपर्यंतच. वडील हाताच्या अंतरावर उभे. पहिले दोन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडणे. मग डोंग्याची कड धरून पाय मारणे. मग कड सोडणे. दर तीन-चार दिवसांनी गठ्ठ्यातील एक बाटली कमी. भावाला दर वेळी कळायचे की एक बाटली गेली, तो कुरकुर करायचा, आणि दोन दिवसांत ती गेल्याचे विसरूनही जायचा. शेवटची बाटली काढली तेव्हा वडिलांनी त्याला सांगितलेच नाही. तो काठाला आल्यावर त्याने पाठीमागे हात नेऊन पाहिले. पट्टी होती, जाळे होते, बाटली नव्हती.

पाच बाटल्यांचा हा गठ्ठा म्हणजे माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील योग्य पहिली फळी होय. तो वजनाच्या मापाने लहानमोठा करता येतो, तो आडवे व्हायला मदत करतो, तो फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे तो कमी कमी होत नाहीसा होतो. मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. हा गठ्ठा जीव वाचवण्याचे साधन नव्हे. जाणता पोहणारा हाताच्या अंतरावर नसेल तर तुंबा, बाटल्या, बिंडे यांतले काहीही बांधून कोणी पाण्यात उतरू नये. वेकस्केटच्या फळीला जसा दोर ओढणारा लागतो, तसा या फळीला शिकवणारा लागतो.

माझ्या या मतावर आक्षेप येतील, हे मी जाणून आहे. पहिला आक्षेप असा की, पूर्वीची मुले आपोआपच शिकत, त्यांना कोणी शिकवले होते? वस्तुतः पूर्वीही कोणी आपोआप शिकत नव्हते. काठावर कोणीतरी काका, आजोबा, थोरला भाऊ असे, आणि जे शिकण्याआधीच गेले त्यांची गोष्ट सांगायला कोणी उरले नाही. शिवाय पूर्वीचे तलावही आता राहिलेले नाहीत. पाळीपासून आत जाताना कोठे किती पाणी, हे गावाला पायांनी ठाऊक असे. आता गाळ आणि मुरूम यंत्राने काढतात. गाळ काढणे आवश्यकच आहे, त्याने तलाव जगतात. परंतु त्यामुळे गुडघाभर पाण्यापुढच्या पावलाला एकदम दोन पुरुष खोल खड्डा लागतो. काठाला बेशरमाची झुडपे माजली आहेत, त्यांत पाय अडकतो. म्हणून जागा निवडणे हे साधन निवडण्याइतकेच महत्त्वाचे झाले आहे. बांबूने तळ चाचपून, चार खुंट्या रोवून, त्यांना दोर बांधून जागा आखल्याशिवाय शिकवणे सुरू करू नये. पाणी सोडायच्या मोरीजवळ तर मुळीच नको.

दुसरा आक्षेप मुलींविषयी. मुलींनी पोहण्याची काय गरज, लोक काय म्हणतील, कपडे कोणते घालतील? धुणे धुवायला तलावावर कोण जाते? शिंगाडे तोडायला कमरेएवढ्या पाण्यात कोण उतरते? रोवणीच्या दिवसांत भरलेला नाला ओलांडून बांधीत कोण जाते? पाण्यात जाताना मुलगी चालते आणि पाण्यातून परत येण्याची विद्या शिकताना मात्र ती मुलगी असते, हा न्याय मला समजलेला नाही. कपड्यांचा प्रश्न अगदी साधा आहे. अंगाबरोबरची सलवार-कमीज चालते. ओढणी मात्र काठावर ठेवावी, कारण ती हातपायांना गुंडाळते. शिकवायला गावातील पोहणाऱ्या बाया आहेत. फक्त त्यांना कोणी विचारलेले नाही.

तिसरा आक्षेप आपल्या प्राध्यापकवर्गाकडून येईल, आणि तो सर्वांत गंभीर आहे. काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची? ही भीती रास्त आहे. परंतु विद्यार्थी सहलीला तलावावर जातातच, विसर्जनाला जातातच. जबाबदारी टाळण्याने पाणी टळत नाही. आपल्या शेजारच्या बांगलादेशाने याचे उत्तर शोधले आहे. 'स्विमसेफ' या नावाच्या तेथील उपक्रमात गावच्याच तळ्यात बांबूचे माचाण बसवतात. त्यामुळे मुलांच्या पायांखाली ठरावीक खोलीवर तळ मिळतो आणि चारी बाजूंनी कठडा मिळतो. त्या कठड्यात गावातल्याच प्रशिक्षित व्यक्ती ४ ते १२ वर्षांच्या मुलांना शिकवतात. जी मुले असे शिकली त्यांच्यात बुडून मरण्याचे प्रमाण खूपच कमी झाल्याचे तेथील पाहणीत दिसून आले. त्यांच्याकडेही संगमरवरी जलतरण तलाव नव्हते. तळी होती आणि बांबू होता. बांबू आपल्याकडेही आहे.

येथे थोडे विषयांतर करते. आम्ही पहिल्या पिढीतील विद्यार्थी इंग्रजीचे गाईड वापरतो आणि त्याबद्दल बोलणी खातो. गाईड वाईट नाही. पण ते ट्यूबसारखे वापरायचे की बाटल्यांसारखे, हे आम्हाला कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षाला पाच, दुसऱ्या वर्षाला तीन, शेवटच्या वर्षाला एकही नाही, असे ज्याने ठरवले तो मूळ पुस्तकापर्यंत पोहोचेल. जो ट्यूबमध्येच बसून राहिला त्याला परीक्षेचा वारा नेईल तेथे तो जाईल. असो.

आता प्रत्यक्ष सूचना करते, कारण नुसते मत मांडून थांबणे हे आपल्या वार्षिकांकातील लेखांचे जुने दुखणे आहे. आपल्या जिमखान्याने येत्या उन्हाळ्यात, पाणी कमी आणि स्वच्छ असताना, पंधरा दिवसांचा एक पोहण्याचा वर्ग घ्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जोडून तो घेता येईल. जागा मत्स्यपालन संस्थेच्या आणि ग्रामपंचायतीच्या संमतीने आखावी. शिकवायला ढिवर बांधवांना आणि भगिनींना बोलवावे, आणि पाहुण्या व्याख्यात्यांना देतो तसे मानधन त्यांना द्यावे. पाण्यावर ज्यांची हयात गेली त्यांना महाविद्यालयाच्या आवारात शाल-श्रीफळासाठी नव्हे, तर शिकवण्यासाठी बोलावणे, हा त्यांचा खरा मान ठरेल. खर्च करायचाच तर तो १०० न्यूटनच्या काही जाकिटांवर आणि एका लांब दोरावर करावा. बाटल्या आपण जमवू. उपाहारगृहामागे त्यांचा ढीगच पडलेला असतो.

आणि वेकस्केट? ती फळी आणण्याच्या मी विरुद्ध नाही. मोटारबोटीने मासळीची जाळी तुटू नयेत, आणि हिवाळ्यात दुरून येणारे पक्षी उठून जाऊ नयेत, एवढी काळजी घेऊन एखाद्या मोठ्या जलाशयावर कोणी हा खेळ सुरू केला तर मी पाहायला येईन, आणि जमले तर फळीवर उभीही राहीन. मित्रांनी चौकशी केलेल्या फळीचे माप मी टिपून ठेवले आहे. मात्र ज्यांना त्या फळीवर उभे राहायचे आहे त्यांनी आपली नावे आधी उन्हाळ्याच्या वर्गासाठी द्यावीत. जिमखान्याच्या फलकाजवळ एक वही ठेवण्याची परवानगी मी क्रीडाशिक्षकांकडे मागितली आहे. वहीत पहिले नाव मुलीचे असावे, एवढीच माझी इच्छा आहे.